रिकंबंटला कोणता ग्रुपसेट घ्यावा?

प्रश्न : रस्त्यावर चालवायची रिकंबंट बांधून घेतो आहे. मागचं चाक ७०० सी आहे. २०० किलोमीटरची बीआरएम करायची आहे, म्हणजे वाटेत घाट येणारच. दुकानदार रोड बाइकचा शिमानो १०५ ग्रुपसेट सुचवतात. चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शिफ्टर सोडले तर बसेल, पण घाटात पुरणार नाही. रिकंबंटसाठी आधी सर्वांत हलका गिअर ठरवावा आणि मग त्याला जुळणारे भाग घ्यावेत.

साध्या सायकलवर चढ अंगावर आला की आपण पेडलवर उभे राहतो आणि शरीराचं वजन कामी येतं. रिकंबंटवर ती सोय नाही. गिअर जड पडला तर सीटला पाठ रेटून पाय ढकलावे लागतात आणि सगळा ताण गुडघ्यांवर येतो. त्यातच वेग मंदावला की तोल सांभाळणंही कठीण होतं.

हिशेब सोपा आहे. चेनरिंगच्या दातांना मागच्या चक्राच्या दातांनी भागा आणि चाकाच्या परिघाने गुणा. पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळेल. ७०० सी चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर असतो. १०५ मध्ये पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ घेतलं, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेरीला २.१ मीटर पडतात. घाटात ताशी ६ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला १०० मीटर जाताना पायांच्या जेमतेम ४८ फेऱ्या होतात. सपाटीवर ८०-९० फेऱ्यांची सवय असलेल्या पायांना हे फार जड आहे.

तुम्हाला माझी शिफारस अशी : पुढे ४६-३० ची क्रँक, मागे ११-३६ ची दहा-स्पीड कॅसेट. मग हलक्या गिअरला १.७५ मीटर आणि त्याच वेगाला ५७ फेऱ्या पडतात. वरचा गिअरही पुरेसा राहतो : ४६-११ वर ९० फेऱ्यांना ताशी सुमारे ४७ किलोमीटर.

शिफ्टर दहा-स्पीड रोडचे, बार-एंड प्रकारचे घ्या. रोडचे ब्रेक-शिफ्टर वाकड्या ड्रॉप हँडलसाठी घडवलेले असतात, रिकंबंटच्या हँडलवर ते नीट बसत नाहीत. मागचा डिरेलर मात्र शिमानोचा नऊ-स्पीड एमटीबी, लाँग केजचा आणि ३६ दात पेलणारा हवा. त्याचं केबल खेचण्याचं प्रमाण या शिफ्टरशी जुळतं. दहा-स्पीड एमटीबी डिरेलरचं जुळत नाही, तो घेऊ नका.

चेन साध्या सायकलीच्या अडीच ते तीनपट लागते. तेवढ्या चेन विकत घेऊन क्विक लिंकने जोडाव्या लागतात, म्हणून दहा-स्पीडची चेन बारा-स्पीडपेक्षा खिशाला परवडते. लांब चेनची प्रत्येक कडी दातांवरून कमी वेळा जाते, त्यामुळे ती झिजतेही उशिरा. मागच्या डिरेलरसाठी टँडमची लांब केबल मागवा, नेहमीची अपुरी पडू शकते. बजेट मोठं असेल तर स्रॅमचा वायरलेस एएक्सएस केबलचा प्रश्नच मिटवतो, पण हलक्या गिअरचा हिशेब त्यालाही चुकत नाही.

ऑर्डर देण्यापूर्वी तुमच्या वाटेवरच्या सर्वांत खड्या चढाचा वेग धरून हे गणित स्वतः करा. फेऱ्या ५५ च्या खाली आल्या, तर चेनरिंग आणखी लहान घ्या.