फोरकास्टला ऑर्डर समजू नकोस

अगं, पीपीसीत, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये लागलीस, पेढे खाल्ले, छान झालं. आता चाकणच्या बसमध्ये डुलक्या काढण्याआधी ताईचं थोडं ऐक. मीटिंगमधल्या इंग्रजीला घाबरतेस ना? तिथं व्याकरण कुणी बघत नाही. कुठला शब्द तोंडातून काढलास, तेवढं धरतात.

आपण पाऊस, दहावीचा निकाल, भाजीतलं मीठ, सगळ्याला 'अंदाज' म्हणून मोकळे होतो. कामात तसं चालत नाही. कस्टमरच्या शेड्यूलमध्ये चालू महिन्याचा आकडा 'फर्म' असतो आणि शेजारच्या दोन रकान्यांत पुढच्या महिन्यांचा 'फोरकास्ट'. पहिल्या नोकरीत मी तो शेवटचा रकाना पक्का धरला आणि पत्रा मागवला, ब्रॅकेटही मारून घेतले. महिना उलटला, आकडा निम्म्यावर आला. शेडमध्ये जागा नाही म्हणून बिन बाहेर ठेवले, ब्रॅकेट जुलैच्या पावसात गंजून लाल झाले. कस्टमर म्हणाला, "फोरकास्ट होता तो, ऑर्डर कुठं दिली होती?" खरंच होतं त्याचं. बोलणी मी एकटीनं खाल्ली.

हवामानासाठी 'फोरकास्ट' हा शब्द रुळवला रॉबर्ट फिट्झरॉय या इंग्रज नौदल अधिकाऱ्यानं, 1861 च्या सुमारास. याला प्रॉफेसी म्हणू नका, प्रेडिक्शनही नको, असं त्यानं बजावलं होतं. निरीक्षणावरून बांधलेला तर्क आहे हा. आपलं हवामान खातंही एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा आकडा देताना 'अधिक-उणे 5 टक्के' जोडतं. बुलढाण्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतात, ते भाकीत. त्यात अधिक-उणे नसतं!

'प्रेडिक्ट' मेंटेनन्सवाल्यांकडे राहू दे. स्पिंडलचं व्हायब्रेशन मोजून बेअरिंग कधी जाईल ते सांगतात, त्यांना तो शोभतो. 'अँटिसिपेट' मात्र जपून. 'शॉर्टेज अँटिसिपेट करतोय' असं मेलमध्ये लिहिलंस, की समोरचा विचारणारच, मग तयारी काय केलीस? उत्तर हातात असेल तरच लिही. आणि मालाची गाडी तळेगाव चौकात अडकलेली असताना 'चारला पोचेल, कमिट करते' असं तर चुकूनही म्हणू नकोस. 'एक्स्पेक्टेड चार' म्हण.

उद्या शेड्यूलची प्रिंट घेऊन जा. फर्मवर पेनानं खूण कर, बाकीच्या दोन रकान्यांवर पेन्सिलीनं.