मिकुलोव्ह : द्राक्षवेली तिथेच राहिल्या, माणसं बदलत गेली



इतिहास शिकवताना आपण बहुतेक वेळा देश घेतो, राजे घेतो, लढाया घेतो. मुलं सनावळ्या पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आज थोडं वेगळं करून पाहू. एकच लहान गाव घेऊ आणि त्यातूनच इतिहास वाचू. हे गाव म्हणजे चेक प्रजासत्ताकातलं मिकुलोव्ह. वस्ती साडेसात हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढीच. पण या गावाने मोठमोठ्या देशांना न सुटलेले प्रश्न अंगावर झेललेत.

आधी नकाशा

मुलांना नकाशावर व्हिएन्ना शोधायला सांगा. तिथून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर मिकुलोव्ह सापडेल. ऑस्ट्रियाची सीमा गावाला अगदी लागून आहे. हा भाग मोराव्हिया प्रांताचा दक्षिण टोकाचा पट्टा. व्हिएन्ना ते ब्रनो हा जुना व्यापारी रस्ता इथूनच जायचा, म्हणून इथे बाजार वाढला. गावाच्या डोक्यावर खडकावर किल्लेवजा वाडा, खाली चौक, आणि समोर ३६३ मीटर उंचीची ‘पवित्र टेकडी’.

मागे पालावा नावाच्या चुनखडीच्या टेकड्या आहेत. चुनखडीची जमीन, भरपूर ऊन आणि चेक देशाच्या मानाने उबदार हवा, यामुळे इथे द्राक्ष चांगलं येतं. चेक देशातल्या जवळजवळ सगळ्या द्राक्षबागा मोराव्हियातच आहेत, आणि मोराव्हियाचे जे चार द्राक्ष-उपविभाग आहेत त्यांतल्या एकाचं नावच ‘मिकुलोव्ह’ आहे. ‘पालावा’ नावाचं एक सुवासिक पांढरं द्राक्षही आहे. योसेफ व्हेव्हेर्का यांनी १९५३ मध्ये दोन जातींचा संकर करून त्याचं काम सुरू केलं आणि १९७७ मध्ये त्या जातीची अधिकृत नोंद झाली. नवीन जात तयार व्हायला किती वर्षं लागतात, हे मुलांना सांगायला हे उदाहरण छान आहे.

वाड्यातलं पिंप

वाड्याच्या तळघरात १६४३ साली बनवलेलं एक लाकडी पिंप आहे. त्यात किती वाइन मावते? एक लाख लिटरहून जास्त! पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. आपण मात्र मुलांना एक प्रश्न विचारायचा : एवढी वाइन कुणाची?

ती शेतकऱ्यांची होती. द्राक्षबागा कसणाऱ्यांना पिकाचा ठरलेला वाटा जमीनदाराला द्यावा लागे. हा वाटा साठवायला पिंप. आपल्याकडच्या शेतसाऱ्याची आठवण झाली ना? एखादी भव्य वस्तू पाहिली की ती कुणाच्या कष्टाने भरली हे विचारायची सवय मुलांना लागली, तर इतिहासाचा अर्धा अभ्यास तिथेच झाला असं मी म्हणेन.

आसरा देणारं गाव

१२४९ मध्ये हे गाव लिख्टेनश्टाइन घराण्याकडे आलं. १५७५ मध्ये ते डीट्रिखश्टाइन घराण्याकडे गेलं. या मालकांच्या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडली.

१४२१ मध्ये व्हिएन्नातून आणि आसपासच्या प्रदेशातून ज्यूंना हाकललं गेलं. त्यातले अनेक जण सीमा ओलांडून मिकुलोव्हला आले. पुढे १४५४ मध्ये मोराव्हियातल्या राजाच्या मालकीच्या शहरांनीही ज्यूंना बाहेर काढलं, तेव्हा आणखी लोक आले. सरदारांनी त्यांना ठेवून घेतलं ते केवळ दयेपोटी नव्हे, त्यांच्या व्यापारातून आणि करातून उत्पन्न मिळत होतं. पण कारण काहीही असो, माणसांना घर मिळालं. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून संपूर्ण मोराव्हियाचे मुख्य रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, इथे बसू लागले.

त्यातले एक रब्बी लेव्ह, १५५३ ते १५७३ ही वीस वर्षं इथे होते. पुढे ते प्रागला गेले. मातीच्या माणसाची, ‘गोलेम’ची दंतकथा त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. लहान मुलांच्या डोक्यात वयाला न झेपणारं अवघड भाष्य कोंबू नका, आधी पाया पक्का करा, वयाप्रमाणे शिकवा, असं ते सोळाव्या शतकात सांगत होते. पहिलीतल्या मुलाला तीन-तीन शिकवण्या लावणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावं!

१५२६ मध्ये बाल्थासार हुबमायर हा धर्मसुधारक इथे आला. माणसाने मोठं झाल्यावर, स्वतःला समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा, असं त्याचं म्हणणं. दुसरीकडे यासाठी जीव जायचा. मिकुलोव्हमध्ये मात्र त्याला आसरा मिळाला आणि छापखानाही. पण ते फार काळ टिकलं नाही. वरून दबाव आला, त्याला पकडून नेलं आणि १५२८ मध्ये व्हिएन्नात जिवंत जाळलं. त्याच्या बायकोला डॅन्यूब नदीत बुडवून मारलं. त्याच्या पंथाचे लोक मात्र मोराव्हियात राहिले, शेती आणि कुंभारकामात नाव कमावलं.

तोच माणूस, दोन कामं

आता येतो कार्डिनल फ्रान्झ डीट्रिखश्टाइन. हा वाड्याचा मालक आणि मोठा चर्च-अधिकारी. १६२२ मध्ये त्याने या पंथाच्या लोकांना मोराव्हियातून बाहेर काढण्याचा हुकूम काढला. याच काळात, १६२८ मध्ये, मोराव्हियाचा दुसरा एक सुपुत्र देश सोडून पोलंडला गेला, कारण त्याचा धर्मपंथ आता चालणार नव्हता. तो म्हणजे यान आमोस कोमेन्स्की. डी.एड., बी.एड.ला आपण ज्याला ‘कोमेनियस’ म्हणून वाचलं, चित्रांमधून भाषा शिकवणारं पुस्तक ज्याने लिहिलं, तोच हा.

आणि तरीही याच कार्डिनलने १६३१ मध्ये मिकुलोव्हला पिआरिस्ट संन्याशांना बोलावलं. गरिबांच्या मुलांना फुकट शिकवणं हेच या संघाचं व्रत. आल्प्सच्या उत्तरेला त्यांची पहिली शाळा इथे निघाली. दीडशेहून अधिक वर्षांनी इथे गायकवृंदातला एक मुलगा म्हणून यान पुर्किन्ये शिकायला आला. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात हृदयातले ‘पुर्किंजे तंतू’ येतात ना, ते त्याच्याच नावाचे.

मग कार्डिनल चांगला की वाईट? मुलं हा प्रश्न विचारणारच. उत्तर देण्याची घाई करू नका. एकच माणूस काहींसाठी शाळेचं दार उघडतो आणि काहींना घराबाहेर काढतो, हे त्यांना थोडा वेळ डोक्यात घोळवू द्या.

बाजार ओसरला

१८३९ मध्ये व्हिएन्ना-ब्रनो रेल्वे सुरू झाली, पण ती ब्रेत्स्लाव्हमार्गे. मिकुलोव्ह बाजूला पडलं. १८६६ च्या जुलैमध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यातला प्राथमिक तह इथल्या वाड्यात झाला, तेवढ्यापुरतं नाव वर्तमानपत्रात आलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावात सुमारे चाळीस टक्के वस्ती ज्यूंची होती. १८४८ नंतर कुठेही राहण्याची मोकळीक मिळाली, तसे अनेक जण मोठ्या शहरांत गेले. पुढे मुळांवरच्या फिलॉक्सेरा किडीने युरोपभर द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. उपाय सापडला तो अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलम करण्याचा.

दोनदा रिकामं झालेलं गाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावातले बहुतेक लोक जर्मन बोलत, गावाला ‘निकोल्सबुर्ग’ म्हणत. १९३८ मध्ये म्युनिक करारानंतर गाव हिटलरच्या जर्मनीत गेलं. त्या वर्षी इथे पावणेपाचशेच्या आसपास ज्यू होते. काही वेळेवर निसटले, तीनशेहून अधिक वाचले नाहीत. पाचशे वर्षांची वस्ती संपली. एप्रिल १९४५ मध्ये वाडाही जळाला.

युद्ध संपलं आणि मग जर्मन बोलणाऱ्यांची पाळी आली. चेकोस्लोव्हाकियातून जवळजवळ तीस लाख जर्मनांना घालवलं गेलं, त्यात मिकुलोव्हचे लोकही होते. ज्यांनी हिटलरचा जयजयकार केला ते गेले, आणि ज्यांनी केला नाही अशी साधी माणसं, म्हातारी, पोरंही गेली. त्यांच्या घरांत आणि द्राक्षबागांत दुसरीकडून आलेली चेक कुटुंबं राहू लागली. मागोमाग सीमेवर काटेरी तारा आल्या आणि १९८९ पर्यंत राहिल्या. व्हिएन्ना एवढं जवळ, पण जाता येत नव्हतं.

आज सीमेवर त्या तारा उरल्या नाहीत. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणीचा मोठा उत्सव भरतो. वाड्यात संग्रहालय आहे. १७१९ च्या आगीनंतर नव्याने बांधलेलं ‘वरचं सिनेगॉग’ पाहता येतं, पण प्रार्थनेला नेहमी येणारा समाज उरला नाही. ज्यू दफनभूमीत सुमारे चार हजार दगड उभे आहेत.

वर्गात काय करता येईल?

वाइनचा विषय शाळेत कसा घ्यायचा, असं काही पालक विचारतील. शेती आणि इतिहास म्हणून घ्यायचा, तेवढंच. नाशिक-सांगलीकडच्या मुलांना तर खुंट, कलम, छाटणी हे शब्द घरचेच आहेत. आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलम करतात, तोही मूळचा अमेरिकनच.

१. १४२१, १५२६, १६२२, १६३१, १९३८, १९४५ या सालांची एक पट्टी भिंतीवर लावा. ‘कोण आलं’ हिरव्या आणि ‘कोण गेलं’ लाल खडूने लिहायला सांगा.

२. गटात चर्चा : १९४५ मध्ये रिकाम्या घरात राहायला आलेल्या कुटुंबातल्या मुलाला कपाटात दुसऱ्या कुणाची वही सापडली, तर त्याला काय वाटेल?

३. घरी आजी-आजोबांना विचारा : आपल्या गावात पूर्वी कोण राहायचं, जे आता राहत नाही? ते का गेले?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. काही घरांतून उत्तर येणार नाही, काही घरांतून आलेलं उत्तर ऐकायला जड जाईल. तरी विचारा. मुलं उत्तर घेऊन आली की आधी शांतपणे ऐका, चूक-बरोबर नंतर.