न दिसणाऱ्या वायूविषयी सावधानता

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या क्षेपणभूमीला मोठी आग लागली. परिसरावर अनेक दिवस धुराचे आच्छादन राहिले, महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, उपग्रहाच्या छायाचित्रांतही तो धूर दिसला. आपण खिडक्या लावून घेतल्या आणि नाकातोंडावर रुमाल बांधला. धूर डोळ्यांना झोंबत होता, म्हणून सावधगिरी आपोआप सुचली.

परंतु ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, झोंबत नाही आणि त्याला वासही नाही. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एका किशोरवयीन विद्यार्थिनीचा मृत्यू झाला, तो स्नानगृहात गॅस गिझरमुळे साचलेल्या याच वायूने. बाहेरच्या धुरापासून वाचवणारी बंद खिडकी घरातील ज्वलनाच्या वेळी घातक ठरते, हे म्हणूनच समजून घेतले पाहिजे.

इंधनाला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की ज्वलन अपूर्ण राहते व हा वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू असूनही मेंदू व हृदय प्राणवायूवाचून तडफडू लागतात. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. त्यामुळे 'वास आला नाही, म्हणजे धोका नाही' अशी आपली समजूत होते. या वायूच्या बाबतीत ती समजूत प्राणघातक आहे.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अशक्तपणा ही त्याची लक्षणे. पित्त किंवा अपचन समजून आपण ती अंगावर काढतो. घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे व मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे, ही महत्त्वाची खूण होय. कोरोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. या विषबाधेतही तो आकडा सर्वसाधारण दाखवू शकतो.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत :

१. गॅस गिझर स्नानगृहाबाहेर, हवेशीर जागी बसवावा. त्याचा धूर पाइपाने घराबाहेर सोडावा व दरवर्षी तपासणी करून घ्यावी.

२. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागल्यास उपकरण बंद करून दुरुस्त करावे.

३. कोळशाची शेगडी पेटती ठेवून बंद खोलीत झोपू नये. पहारेकऱ्याची चौकीही याला अपवाद नाही.

४. जनरेटर घरात, जिन्यात किंवा खिडकीलगत चालवू नये.

५. स्नानगृहाची झडप कागद चिकटवून बुजवू नये.

६. शक्य असल्यास या वायूची सूचना देणारा गजर बसवावा.

कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या उघडून, उपकरण बंद करून त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. आत शिरणे धोक्याचे वाटल्यास १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. रुग्णालयात कार्बन मोनॉक्साइडचा संशय स्पष्ट सांगावा, म्हणजे शुद्ध प्राणवायूचा उपचार लवकर सुरू होतो.

आनापानाच्या साधनेत आपण विद्यार्थ्यांना येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतो. तो श्वास ज्या हवेतून येतो, तिच्याकडे लक्ष देणे हाही अप्रमादच आहे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आज घरी गेल्यावर आपल्या स्नानगृहाची झडप एकदा पाहावी, एवढीच आमची विनंती.