स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार

भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. कोल्हापुरातील राजारामपुरीच्या गल्ल्यांत काय किंवा शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर काय, शस्त्रक्रिया करून भगिनी घरी आली की "गाठ गेली, रोग गेला" असा समज होतो. पुढील उपचार मागे पडण्याचे हे एक मोठे कारण होय.

संपूर्ण स्तन काढल्यानंतरही छातीच्या त्वचेत, व्रणाच्या जागी किंवा गळ्याच्या हाडाजवळील लसीका ग्रंथींत डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्कपेशी उरण्याचा संभव असतो. किरणांमुळे या पेशींची वाढण्याची शक्ती नष्ट होते. निरोगी पेशी मात्र दोन मात्रांमधील अवधीत बहुतांशी सावरतात. म्हणूनच मात्रा थोडी थोडी विभागून देतात.

हे उपचार सर्वांनाच लागतात असे नाही. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असल्यास, ती त्वचेपर्यंत पोहोचली असल्यास किंवा काखेतील चार अथवा अधिक ग्रंथींत रोग आढळल्यास ते सामान्यतः आवश्यक मानले जातात. एक ते तीन ग्रंथी बाधित असल्यास तज्ज्ञ प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करतात. गाठ लहान व ग्रंथी निर्दोष असल्यास बहुधा गरज नसते.

डेन्मार्कमधील १,७०८ स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. या सर्वांना शस्त्रक्रियेनंतर औषधे दिली होती. ज्यांना किरणोपचारही मिळाले, त्यांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या. न मिळालेल्यांत हे प्रमाण ४५ टक्के होते.

पूर्वी साधारणतः पाच आठवड्यांत २५ मात्रा देत. आता अनेक ठिकाणी तीन आठवड्यांत १५ मात्रा पुरतात. प्रत्येक वेळी काही मिनिटेच लागतात व वेदना होत नाहीत. त्वचा काळवंडणे, थकवा येणे असे त्रास बहुधा तात्पुरते असतात. या उपचाराने डोक्याचे केस गळत नाहीत. यंत्राने बाहेरून दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. सबब मातेने मुलास जवळ घेण्यास कोणतीही हरकत नाही.

१९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. दक्षिण महाराष्ट्रातील रुग्णांना आता प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूर व मिरज येथेही कर्करोग रुग्णालये आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश असून योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र मार्गदर्शन करतात.

खरी अडचण असते ती रोजच्या जाण्यायेण्याची, बुडणाऱ्या मजुरीची आणि सोबतीची. ग्रामपंचायत सदस्यांनी अशा कुटुंबाची विचारपूस करावी, योजनेची कागदपत्रे मिळवून द्यावीत. शिक्षकांनी गैरसमज दूर करावेत. शस्त्रक्रियेचा अहवाल जपून ठेवून "मला किरणोपचारांची गरज आहे काय?" असे प्रत्येक भगिनीने डॉक्टरांना विचारावे, आणि एकदा सुरू केलेले उपचार मध्येच सोडू नयेत.