डॉक्टर रखमाबाई

आरे कॉलनीत पहाटेच तबेल्यांतून धारा काढायचे काम सुरू होते. म्हैस विण्याला झाली म्हणजे माणसे रात्रभर जागतात. ती अडली तर गुरांच्या डॉक्टरला बोलावतात. मुक्या जनावराचा जीव वाचावा म्हणून आपण एवढी धडपड करतो.

मग घरातली बाई बाळंतपणात अडली तर? आज आपण तिला इस्पितळात नेतो. पण दीडशे वर्षांपूर्वी पुष्कळ घरांत तसे होत नसे. डॉक्टर असायचे ते पुरुष. परक्या पुरुषापुढे बाईने यायचे नाही, अशी रीत. दुखणे अंगावर काढता काढता किती तरी बाया जिवाला मुकल्या. हे बदलायचे तर बायांनीच डॉक्टर व्हायला हवे होते. त्या काळी ज्या थोड्या बाया या कामाला पुढे झाल्या, त्यांत आपल्या मुंबईची एक होती. तिचे नाव रखमाबाई.

अकराव्या वर्षी लग्न

रखमाचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. घराणे सुतार समाजातले. ती अगदी लहान असतानाच बाप वारला. आई जयंतीबाई तरुणपणीच विधवा झाली. त्यांच्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत असे. जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. ते मुंबईतले नावाजलेले डॉक्टर होते. कोणता झाडपाला कोणत्या दुखण्यावर चालतो, याचाही त्यांचा मोठा अभ्यास होता.

रखमा अकरा वर्षांची झाली आणि घरच्यांनी तिचे लग्न लावून दिले. नवऱ्याचे नाव दादाजी भिकाजी. त्याचे वय एकोणीस. लग्न झाले तरी रखमा आईकडेच राहिली. सावत्र बापाने तिला मायेने वाढवले, शिकायला धीर दिला. तिचे शिक्षण घरीच झाले. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणायची आणि घरी बसून वाचायची. असे करता करता ती मराठी शिकली, इंग्रजीही शिकली.

सासरी जाणार नाही!

१८८४ साली दादाजीने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. त्याचे म्हणणे असे, की ही माझी बायको आहे, तिला माझ्या घरी नांदायला पाठवा.

रखमाबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत आल्या होत्या. त्यांनी साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे असे : लग्न झाले तेव्हा मी पोर होते. मला कोणी विचारले नाही. न कळत्या वयात लागलेल्या लग्नापायी जन्मभर अशा माणसाकडे का राहावे?

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण दादाजीने वर अपील केले. खटला पुन्हा चालला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निकाल दिला. महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा!

रखमाबाई काय म्हणाल्या? त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही.

सारा देश या खटल्याविषयी बोलू लागला. विलायतेतही चर्चा झाली. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने रखमाबाईंच्या विरुद्ध लिहिले. बेहरामजी मलबारी यांनी त्यांची बाजू घेतली. खुद्द रखमाबाईही गप्प बसल्या नव्हत्या. १८८५ साली त्यांनी 'एक हिंदू स्त्री' अशी सही करून वर्तमानपत्रात पत्रे लिहिली होती. बालपणी लग्न झाले की मुलीचे शिक्षण कसे संपते, तिचे हाल कसे होतात, हे त्यांनी त्यात मांडले होते. लिहिता येत होते, म्हणून त्यांचे म्हणणे चार भिंतींच्या बाहेर गेले.

शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि आपला हक्क सोडला. रखमाबाईंचा तुरुंग टळला. या खटल्याने लोक जागे झाले. १८९१ साली सरकारने कायदा केला. बारा वर्षांच्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा ठरला, मग तो तिचा नवरा का असेना. त्याआधी ही मर्यादा दहा वर्षांची होती.

चोविसाव्या वर्षी पुन्हा धुळाक्षर

खटला संपला. आता पुढे काय? रखमाबाईंनी ठरवले, आपण डॉक्टर व्हायचे.

मुंबईत बायांसाठी कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले होते. ते आजही आहे. तिथे एडिथ पिची नावाच्या इंग्रज डॉक्टरीण बाई मुख्य होत्या. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला, मदत मिळवून दिली. १८८९ साली रखमाबाई बोटीने विलायतेला गेल्या. लंडनमध्ये बायांसाठी वेगळे वैद्यकीय कॉलेज होते. तिथे त्यांनी नाव घातले. परका मुलुख, परकी भाषा, आणि शिकायचे ते सारे नवे. पाच वर्षे अभ्यास करून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. तेव्हा त्यांना तिसावे वर्ष चालू होते.

अशी वाट दुसऱ्या देशांतल्या बायांनाही काढावी लागली. अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम करून ठेवीत, त्यांची खरेदी-विक्री करीत. अशा काळात रिबेका क्रम्पलर नावाची काळी बाई डॉक्टर झाली. अमेरिकेतली ती पहिली काळी डॉक्टरीण. तिला पदवी मिळाली १८६४ साली, म्हणजे आपल्या रखमाचा जन्म झाला त्याच वर्षी. पुढच्याच साली गुलामगिरी संपली. नुकत्या सुटलेल्या गोरगरिबांना औषधपाणी करायला रिबेकाबाई गेल्या. आयांना आणि दाईंना कळावे म्हणून त्यांनी १८८३ साली पुस्तकही लिहिले. १८९५ साली त्या वारल्या. त्याच साली रखमाबाई कामाला लागल्या.

सुरतेचे इस्पितळ

१८९५ साली रखमाबाई सुरतेला बायांच्या इस्पितळात मुख्य डॉक्टर झाल्या. पण बाया बाळंतपणाला इस्पितळात यायला भीत. गेलेली बाई परत येत नाही, असा समज होता.

त्याची एक गोष्ट सांगतात. रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणवली. तिथे तिचे बाळंतपण नीट केले. शेळी आणि करडू सुखरूप पाहून बायांची भीती मोडली. आपल्यालाही काही होणार नाही, असे त्यांना वाटू लागले. बायांना न रागावता, त्यांना समजेल अशा रीतीने डॉक्टरीणबाईंनी पटवून दिले.

पुढे रखमाबाई राजकोटच्या बायांच्या इस्पितळात गेल्या. सुरत आणि राजकोट मिळून त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. मग त्या मुंबईला परतल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या. तेव्हा त्यांचे वय नव्वद होते.

आपण काय घ्यायचे?

रखमाबाई अकराव्या वर्षीच सासरी गेल्या असत्या, तर ही डॉक्टरीण झालीच नसती. किती बायांची बाळंतपणे अडली असती! एका मुलीचे शिक्षण थांबले की नुकसान तिचे एकटीचे होत नाही.

आज कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पुरी झाल्याशिवाय लग्न करता येत नाही. तरी कुठे कुठे चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींची लग्ने गुपचूप लागतात. असे कानावर आले तर १०९८ या नंबरावर फोन करावा. पैसे पडत नाहीत. आणखी एक ध्यानात ठेवा. लहानपणी लग्न लागले असेल, तर २००६ सालच्या कायद्याने ते रद्द करून घेता येते. अठरा वर्षे पुरी झाल्यावर दोन वर्षांच्या आत मुलीने कोर्टात अर्ज द्यावा. जो हक्क मिळवायला रखमाबाई तुरुंगात जायला निघाल्या होत्या, तो आज आपल्या लेकींना कायद्याने दिला आहे. तो माहीत मात्र हवा. त्यासाठीच वाचायचे.

शब्दांचे अर्थ

दावा – कोर्टात केलेली तक्रार
अपील – निकाल पटला नाही तर वरच्या कोर्टात दाद मागणे
तडजोड – दोन्ही बाजूंनी मिळून केलेला समझोता
रद्द करणे – मोडीत काढणे

सांगा पाहू

१. रखमाबाईंनी सासरी जायला नकार का दिला?
२. सुरतेच्या बायांची भीती कशी गेली?
३. मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय किती?
४. तुमच्या पाड्यात किंवा गावात कोणत्या मुलीचे शिक्षण मध्येच सुटले आहे का? ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून काय करता येईल? वर्गात सगळ्यांनी मिळून बोला.