न आवरणारे फेफरे आणि इंजेक्शनची कसोटी

'रोज रोज गोळ्या खाण्यापेक्षा एकदाच काय ते इंजेक्शन द्या', ही मागणी आपल्या वेळापूर परिसरातील कोणत्याही दवाखान्यात ऐकू येते. गोळी हा साधा उपाय आणि सुई हा जोरदार उपाय, अशी आपली समजूत आहे. फेफऱ्याच्या रोग्याच्या घरी तर ही मागणी अधिकच होते. कारण गोळ्या वर्षानुवर्षे चालतात आणि एवढे करूनही काहींचे झटके थांबत नाहीत. अशा घरातील माणसे थकून जातात आणि थकलेल्या माणसाला कोणीही काहीही विकू शकतो. म्हणून या लेखात आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. दुसऱ्या आजारासाठी वापरात असलेले एखादे इंजेक्शन फेफऱ्यावर चालते की नाही, हे ठरवायचे कसे? विद्यार्थ्यांनी हा पाठ विज्ञानाचा म्हणून वाचावा आणि पालकांनी घरच्या उपयोगाचा म्हणून.

फेफरे म्हणजे काय?

फेफरे, मिरगी, फीट, आकडी ही सारी एकाच आजाराची बोलीतील नावे आहेत. वैद्यकशास्त्रात त्याला अपस्मार म्हणतात. मेंदूतील पेशी अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने एकमेकींशी संपर्क ठेवतात. हा प्रवाह अचानक अनावर झाला की झटका येतो. कोणी कोसळून हातपाय झाडतो, कोणी क्षणभर शून्यात पाहत राहतो, तर कोणाचा एकच हात थरथरतो. जन्माच्या वेळची इजा, डोक्याला मार, मेंदूज्वर, मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळ्या, मेंदूतील गाठ, आनुवंशिकता अशी त्याची अनेक कारणे आहेत. बाहेरची बाधा हे त्यातले कारण नाही आणि हा आजार शिवाशिवीने पसरत नाही.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य औषध नियमित घेतल्यास त्यातील 70 टक्क्यांपर्यंत रोगी झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेनोबार्बिटोन 1912 पासून आणि फेनिटॉइन 1938 पासून वापरात आहे. ही औषधे जुनी असली तरी आजही उपयोगी आहेत.

'औषधाला दाद न देणारे' कोणाला म्हणावे?

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील डॉक्टरांनी 2000 साली एक मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी कधीही औषध न घेतलेल्या 470 रोग्यांपैकी 47 टक्के पहिल्याच औषधाने झटकेमुक्त झाले. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी 14 टक्क्यांची भर पडली. पुढे औषधांवर औषधे देऊनही फारसे काही हाती लागले नाही. म्हणूनच 2010 साली अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्याख्या ठरवली. योग्य निवडलेली, अंगाला मानवणारी दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबत नसतील, तर तो अपस्मार औषधाला दाद न देणारा समजावा. अशा रोग्यांचे प्रमाण साधारण तिघांत एक आहे.

येथे एक सावधगिरी हवी. गोळी मधूनच सोडणे, जागरण, दारू, चुकीचे निदान किंवा अपुरी मात्रा यामुळेही झटके चालू राहतात. अशा रोग्याचे औषध हरलेले नसते, ते नीट दिले-घेतले गेलेले नसते. नवे इंजेक्शन शोधण्याआधी ही तपासणी झाली पाहिजे.

एका इंजेक्शनची कल्पना

नॅटालिझुमॅब नावाचे एक औषध आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावर ते दर चार आठवड्यांनी शिरेवाटे देतात. रक्तातील पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून मेंदूत शिरतात आणि तेथे दाह निर्माण करतात. हे औषध त्यांना चिकटूच देत नाही. अमेरिकेत नोव्हेंबर 2004 मध्ये त्याला मान्यता मिळाली. काही रोग्यांना मेंदूचा दुर्मीळ पण जीवघेणा संसर्ग झाल्याने फेब्रुवारी 2005 मध्ये त्याची विक्री थांबवली गेली आणि 2006 साली कडक अटींवर ते परत आले. तेव्हा हे काही निरुपद्रवी पाणी नव्हे.

याचा फेफऱ्याशी संबंध कसा आला? 2008 साली इटलीतील व्हेरोना येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पांढऱ्या पेशींचे हे चिकटणे रोखले की उंदरांचे झटके कमी होतात, असे त्यांना आढळले. पुढे 2010 साली एका रोग्याची हकिगत छापून आली. त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसबरोबर न आवरणारे फेफरेही होते आणि हे इंजेक्शन सुरू केल्यावर झटके कमी झाले होते.

उंदीर बरे झाले, एक माणूस सुधारला, आणि औषध तर तयारच आहे. आता देऊन टाकायला काय हरकत आहे, असे कोणालाही वाटेल. विज्ञानाची वाट मात्र येथून पुढे सुरू होते.

चाचणी कशी झाली?

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या डॉ. जॅकलिन फ्रेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी या चाचणीचा निकाल 2021 साली प्रसिद्ध केला. औषधाला दाद न देणारे आणि मेंदूच्या एका भागातून सुरू होणारे फेफरे असलेले 66 प्रौढ तिच्यात होते. आधी सहा आठवडे त्यांचे झटके नुसते मोजले. नंतर चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडले. 32 जणांना नॅटालिझुमॅब दिले आणि 34 जणांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव दिले. अशा रिकाम्या औषधाला प्लासिबो म्हणतात. कोणाला काय मिळते आहे हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. सर्वांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या. असे 24 आठवडे चालले.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. यश कशाला म्हणायचे, हे आधीच लिहून ठेवले होते. प्लासिबोच्या तुलनेत झटके निदान 31 टक्क्यांनी अधिक घटले तरच औषध पुढे न्यायचे, असे ठरले होते. परीक्षा झाल्यावर उत्तीर्णाचे गुण खाली आणायचे नाहीत, असा याचा अर्थ.

निकाल काय सांगतो?

प्रत्यक्षात फरक पडला तो सुमारे 14 टक्क्यांचा आणि तोही निव्वळ योगायोगाने पडलेला असू शकेल इतका अनिश्चित. औषध कसोटीला उतरले नाही.

आता दुसरा आकडा पाहू. ज्यांचे झटके निम्मे किंवा त्याहून कमी झाले, असे औषधाच्या गटात 32 पैकी 10 जण होते. प्लासिबोच्या गटात 34 पैकी 6 जण. या सहा जणांकडे वाचकांनी थांबून पाहावे, अशी आमची विनंती आहे. त्यांच्या अंगात औषधाचा थेंबही गेला नव्हता, तरी त्यांचे झटके निम्म्यावर आले.

हे कसे घडते? फेफऱ्याचे झटके कमीजास्त होत असतात. माणूस उपचाराला जातो तो बहुधा फार वाईट काळात आणि वाईट काळानंतर थोडा बरा काळ आपोआप येतोच. शिवाय कोणी लक्ष देऊन झटके मोजू लागले की गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, झोप सांभाळली जाते. असा सुधारलेला रोगी त्याच सुमारास भगताकडे गेला असता, तर श्रेय अंगाऱ्याला मिळाले असते. एखाद्या डॉक्टरने त्याला महागडे इंजेक्शन दिले असते, तर श्रेय इंजेक्शनला मिळाले असते. 'आमच्या पाहुण्याला गुण आला' हे वाक्य खोटे नसते, पण गुण कशाने आला हे त्यातून कळत नाही. ते कळावे म्हणूनच दुसरा गट लागतो.

अपयशी चाचणी वाया गेली असे आम्ही मानत नाही. तिने पुढच्या हजारो रोग्यांना एका धोक्याच्या आणि खर्चाच्या औषधापासून वाचवले.

कसोटीला उतरलेली इंजेक्शने आणि सोलापूर

प्रत्येक इंजेक्शन नापास होते असे नाही. लहान बाळांना होणाऱ्या एका हट्टी अपस्मारात बाळ वारंवार अंग आवळून दचकते. त्यावर एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनचा गुण बेल्जियममधील डॉक्टरांनी 1958 साली नोंदवला आणि ते आजही वापरतात.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात. हा अपस्मार नव्हे, वेगळा आजार आहे, पण आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततो. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त क्षारद्रव्य पूर्वीपासून काही डॉक्टर देत, काही देत नसत. अखेर अनेक देशांतील 1687 स्त्रियांवर चाचणी झाली आणि 1995 साली निकाल आला. डायझेपामच्या तुलनेत पुन्हा झटका येण्याचा धोका 52 टक्क्यांनी, तर फेनिटॉइनच्या तुलनेत 67 टक्क्यांनी कमी झाला. वाद मिटला.

मग प्रश्न उरला मात्रेचा. अमेरिकेतील डॉ. प्रिचर्ड यांच्या पद्धतीत सुरुवातीलाच 14 ग्रॅम औषध देतात. आपल्याकडील स्त्रीचे वजन कमी, तिला एवढे हवे का? सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई व सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रियांसाठी कमी मात्रेची पद्धत योजून तिचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध केला. जुन्याच इंजेक्शनला नवा प्रश्न विचारता येतो आणि तो सोलापुरात बसूनही विचारता येतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपण काय करावे?

झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, डोक्याखाली मऊ काही ठेवावे. तोंडात चमचा, पाणी घालू नये. चप्पल, कांदा हुंगवू नये. झटका पाच मिनिटांवर लांबला किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

दोन औषधे नीट घेऊनही झटके थांबत नसतील, तर तिसऱ्या गावच्या तिसऱ्या उपायामागे न लागता मेंदूरोगतज्ज्ञांना दाखवावे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून पुढचा मार्ग विचारता येईल. काहींना शस्त्रक्रियेचा मोठा लाभ होतो. दिल्लीच्या एम्समधील 116 मुलांच्या चाचणीचा निकाल 2017 साली आला. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी 77 टक्के मुले वर्षभराने झटकेमुक्त होती, नुसत्या औषधांवरील मुलांपैकी 7 टक्के.

कोणी नव्या इंजेक्शनच्या चाचणीत भाग घ्यायला सांगितले तर घाबरू नये आणि भुलूही नये. आपल्या देशात 2019 चे नियम लागू आहेत. चाचणी नोंदलेली आहे का, नीतिसमितीची मान्यता आहे का, संमतिपत्र आपल्या भाषेत आहे का, इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. आणि चाचणीच्या औषधाचे पैसे कोणी मागत असेल, तर तेथून उठावे.

शेवटी एक गोष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात अपस्मार हा विवाहातील अडसर मानला होता. संसदेने 1999 साली तो शब्द काढून टाकला. कायद्याने जे काढले ते आपण मनात का ठेवावे? मुलीला फीट येते म्हणून शाळा सोडवणे, स्थळापासून आजार लपवणे आणि लग्नानंतर गोळ्या लपून घेणे किंवा बंदच करणे, यातून झटके वाढतात. ज्याला औषध दाद देते त्याची गोळी चालू राहील, आणि ज्याला देत नाही त्याला शास्त्रशुद्ध तपासणी मिळेल, एवढे आपल्या प्रत्येक घराने पाहिले तरी पुष्कळ काम होईल.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

1. अपस्मार औषधाला दाद देत नाही, असे केव्हा म्हणतात?
2. चाचणीत प्लासिबोचा गट नसता, तर 32 पैकी 10 या आकड्यावरून आपण कोणता चुकीचा निष्कर्ष काढला असता?
3. यशाची अट आधीच का लिहून ठेवतात?
4. 'गुण आला' आणि 'औषधाने गुण आला' या दोन विधानांतील फरक आपल्या गावातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.