पदकाची कड

पुणे, १२ जुलै

चि. मिहिर यास,


ड्रेस्डेनला जाऊन वर्ष व्हायच्या आत तुला जुन्या पदकांचा नाद लागला, हे ऐकून तुझ्या बाबाने कपाळाला हात लावला. मला मात्र मनातून बरं वाटलं. घरात या नादाची मी एकटीच होते. एल्बेकाठच्या शनिवारच्या बाजारात एक म्हातारा तुला ‘रिटरक्रॉइत्स’, म्हणजे लोखंडी क्रॉसचा वरचा वर्ग, तीनशे युरोंत देतोय. तो एका रणगाडा तुकडीच्या कप्तानाचा होता, कप्तान रशियात पडला, बायकोने तो क्रॉस मरेपर्यंत उशाशी ठेवला, असंही त्याने सांगितलं. घेऊ का, असं तू विचारलंस. नको घेऊस.

हा वर्ग हिटलरने १ सप्टेंबर १९३९ ला सुरू केला आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे ७३०० जणांना तो मिळाला. खरा नग हजारो युरोंना जातो, आणि हे त्या म्हाताऱ्याला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तीनशे युरो तो गोष्टीचे मागतोय. गोष्ट छान रचली आहे, त्याबद्दल वाद नाही.

तुझ्या पणजोबांचं पदक तू पाहिलं आहेस. ते ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून मेसोपोटेमियात गेले होते. पदक चांदीचं, समोर राजाचं डोकं. पण खरी मौज कडेवर आहे: बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ब्रिटिशांनी साताऱ्याकडच्या साध्या शिपायाचंही नाव पदकाच्या कडेवर कोरलं. उद्या ते पदक जुन्या बाजारात गेलं तरी ते कुणाचं, हे कळेल. प्रशियाच्या लोखंडी क्रॉसवर असं नाव नसतं. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे सुमारे ५० लाख क्रॉस वाटले गेले, सगळे निनावी. पहिल्या वर्गाच्या क्रॉसवर कुणी हौसेने मागे नाव कोरून घेई, पण तसं नाव आज कुठलाही कोरणारा तासाभरात कोरून देतो. नाव नाही म्हणूनच या क्रॉसना गोष्टी फार चिकटतात. तू या छंदात टिकणार असशील तर एवढं धर: धातू तपासून घे, कागद वाचून घे, आणि गोष्ट ऐकून सोडून दे.

आता हा क्रॉस मुळात काय आहे ते सांगते, म्हणजे हातात घेताना काय बघायचं ते कळेल. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने १० मार्च १८१३ या तारखेने ब्रेस्लाउ इथे, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्सवाफला, तो स्थापन केला. तो त्याच्या दिवंगत राणीचा, लुईझेचा, जन्मदिवस. नेपोलियनविरुद्ध लढाई सुरू होत होती, तिजोरी रिकामी होती. बायका सोन्याचे दागिने देत आणि बदल्यात लोखंडाचे घेऊन मिरवत. अशा काळात सोन्याचा मानबिंदू शोभलाच नसता. अंतिम आकृती केली कार्ल फ्रीडरिश शिंकेलने, ज्याच्या आराखड्यावरून तुझ्या गावात ऑपेराजवळची ती खांबांची जुनी पहाऱ्याची इमारत उभी राहिली. आणि मोठी गोष्ट अशी, की हा क्रॉस शिपायाला आणि सेनापतीला एकच होता. त्या काळच्या प्रशियात ही लहान गोष्ट नव्हती. फ्रीडरिके क्र्युगर नावाची मुलगी पुरुषवेषात फौजेत शिरली, तिलाही तो मिळाला.

पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ अशी तीनदा त्याची पुन्हा स्थापना झाली. समोर खालच्या हातावर त्या त्या फेरीचं वर्ष असतं. इथे बाजारातली एक जुनी लबाडी सांगते. १९१४ च्या दुसऱ्या वर्गाच्या क्रॉसच्या मागे ओकची पानं, मुकुट, राजाची आद्याक्षरं आणि ‘१८१३’ असतं, स्थापनेची आठवण म्हणून. विक्रेता तीच बाजू वर करून मांडतो आणि नवख्याला नेपोलियनच्या काळातला क्रॉस म्हणून विकतो. क्रॉस उलटून बघण्याचे कष्ट न घेणाऱ्याला मीही फसवीन.

खऱ्या क्रॉसचे तीन भाग असतात. मधे ओतीव लोखंडाचा काळा गाभा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चांदीच्या दोन चौकटी, कडेवर डाख देऊन जोडलेल्या. म्हणून भिंग आधी कडेवर धरायचं. डाखाची बारीक रेघ दिसते, कधी घासून जवळपास पुसलेली, पण असते. नकली बहुतेक एका साच्यात एकसंध ओतलेला आणि वर काळा रंग फासलेला. त्याच्या कडेला सांधा नसतो किंवा खोटा कोरलेला असतो. चौकटीवरची मण्यांची बारीक ओळ खऱ्यात ठसठशीत असते, ओतलेल्यात विरघळल्यासारखी. लोहचुंबक जवळ ठेव, पण त्याच्यावर सर्वस्वी विसंबू नकोस: बिनलोखंडी गाभ्याचे काही खरे क्रॉसही आहेत, आणि नक्कल करणाऱ्यालाही चुंबक माहीत आहे. १९१४ चा दुसरा वर्ग सुमारे ४२ मिलिमीटर भरतो. एक बरा कॅलिपर घेऊन टाक. फितीच्या कडीवर बनवणाऱ्याची खूण बघ. ‘केओ’ दिसलं तर ती बर्लिनच्या शाही टांकसाळीची. फीत आणि शिलाईचा दोरा अतिनील दिव्याखाली धर. निळसर पांढरा उजळून निघाला तर तो युद्धानंतरच्या, कपडे शुभ्र करणाऱ्या रसायनांच्या काळातला. जुनं पदक आणि नवी फीत एवढ्यावरून कुणी चोर ठरत नाही, फीत कधीतरी बदलतेच. पण ‘आजोबांनी लावली तशीच आहे’ हे वाक्य तिथेच पडतं.

१९३९ नंतरच्या मालाचा घोळ आणखी मोठा. ल्युडेनशाइड हे बटणं बनवणारं गाव. तिथले कारखाने युद्धात पदकं पाडू लागले. युद्ध संपलं तरी काही साचे उरले. १९५७ च्या कायद्याने जुन्या सैनिकांना आपली पदकं स्वस्तिकाशिवाय लावायची मुभा मिळाली, तेव्हा ओकच्या पानांची डहाळी घातलेले नवे क्रॉस रीतसर बनले. ते नकली नव्हेत, फक्त १९५७ चे आहेत. पण त्याच सुमारास आणि नंतरही जुन्या साच्यांतून जुनं म्हणून जे निघालं, त्याबद्दल जाणते लोकही एकमेकांशी भांडतात. तू त्या भांडणात पैसे घालू नकोस.

कायद्याचंही ऐकून ठेव. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला यांना सूट आहे. बाजारात त्या चिन्हावर कागदाचा तुकडा चिकटवलेला दिसतो तो म्हणूनच. आपल्याकडे उंबऱ्यावर स्वस्तिक काढतात, हे तिथल्या पोलिसाला समजावत बसायची वेळ आणू नकोस. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचे नाहीत, जाकिटाला तर काहीच लावायचं नाही.

आणि तू राहतोस तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर क्योनिग्सब्र्युक आहे, जिथे सुभाषबाबूंच्या आझाद हिंद फौजेच्या जर्मनीतल्या पलटणीचं शिक्षण झालं. त्यांनी १९४२ मध्ये स्थापन केलेली आझाद हिंदची पदकं व्हिएन्नाच्या रुडॉल्फ झाउवाल या कारखान्यात बनली. भारतीय मुलगा दिसला की कुणीतरी ते पदक तुझ्यापुढे धरणार, आणि तुझा हात खिशाकडे जाणार. माझाही गेला असता. पण याच कारखान्याने युद्धानंतरही संग्राहकांसाठी पदकं पाडली. कागद असल्याशिवाय ते घ्यायचं नाही, कितीही गहिवरून आलं तरी.

मग घ्यायचं काय? दोन गोष्टी सुचवते. पहिली, १९१४ चा दुसऱ्या वर्गाचा साधा क्रॉस, दोघांच्या जेवणाच्या पैशात मिळतो तो. तो हाताळून हाताळून डोळा तयार होऊ दे. दुसरी गोष्ट माझ्या जास्त जवळची: १९३४ चा मानाचा क्रॉस. १३ जुलै १९३४ ला हिंडेनबुर्गने तो पहिल्या महायुद्धातल्या सगळ्यांसाठी काढला. आघाडीवर लढलेल्यांना तलवारींसह, बाकीच्यांना तलवारींविना, आणि पडलेल्यांच्या विधवांना व आईवडिलांना काळा. लाखोंनी वाटला गेला, म्हणून स्वस्त. त्याच्यावर स्वस्तिक नाही. आणि हा क्रॉस अर्ज करून मिळत असल्यामुळे त्याच्याबरोबर प्रमाणपत्र असे: नाव, गाव, तारीख, कार्यालयाचा शिक्का. पदकाच्या कडेवर जे नाव नाही ते या कागदावर सापडतं. तेही धातूच्या किमतीत थोडीशीच भर घालून.

कागद नीट वाच. हिंडेनबुर्ग ऑगस्ट १९३४ मध्ये वारला, म्हणून मजकूर असतो ‘फ्यूरर आणि राइश्सकान्सलर यांच्या वतीने’. याच मजकुराखाली ज्यू सैनिकांनाही हा क्रॉस मिळाला. सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेंबर्गचे कायदे आले. एखादा कागद त्याच वर्षीच्या वसंतातला आणि नाव ज्यू घराण्यातलं असेल, तर त्या माणसाला पाचसहा महिन्यांनी त्याच सरकारने काय केलं हे तुला कुणी गोष्टीतून सांगायला नको. खुद्द हिटलरला ऑगस्ट १९१८ मध्ये पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रॉस मिळाला तो हुगो गुटमान या ज्यू अधिकाऱ्याच्या शिफारशीवरून. पुढे गुटमानलाच देश सोडून अमेरिका गाठावी लागली. रणगाडावाल्या कप्तानाच्या उशीपेक्षा मला हे असले कागद जास्त जागे ठेवतात.

त्यासाठी जुनी वळणदार जर्मन लिपी, कुरेंट, शिकावी लागेल. आत्ताच्या जर्मन मुलांनाही ती वाचता येत नाही, त्यामुळे एवढ्या बाबतीत तू त्यांच्यापुढे जाशील. सैन्याच्या जुन्या पुस्तिकांतल्या कितीतरी नोंदी त्या हस्ताक्षरात असतात. तक्ता मी पाठवते. रोज एक पान उतरवून काढ. ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयातही जा, पण पदकांच्या कपाटापाशीच घुटमळू नकोस; बाकीचं बघितल्यावर ते कपाट वेगळं दिसतं. पुढे हात स्थिरावला की सॅक्सनीच्या पदकांकडे वळ. सेंट हाइनरिश हा तिथला लष्करी सन्मान १७३६ चा, म्हणजे लोखंडी क्रॉसपेक्षा पाऊणशे वर्षांनी थोरला. तो विकत घेण्याची ऐपत आपली नाही, पण फ्रीडरिश आउगुस्टचं पदक सहज मिळतं, आणि स्थानिक म्हातारे त्याच्याबद्दल कमी खोटं बोलतात.

घेतलेलं घासू नकोस. पितांबरी तर मुळीच नाही. शंभर वर्षांचा काळसरपणा एका दुपारी जातो आणि परत येत नाही. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नकोस, आम्लरहित कागदात गुंडाळ. इथल्या पावसाळ्यात लोखंडी गाभा गंजतो, म्हणून डबीत सिलिकाच्या पुड्या टाकत जा. आणि एक: शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू भारताबाहेर न्यायला आपल्या १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याने बंधन आहे. १९१४ चा क्रॉस एकदा पुण्यात आणलास की पुन्हा बरोबर नेता येईल असं धरून चालू नकोस. दिवाळीला येताना काय आणायचं आणि काय तिथेच ठेवायचं, ते आधी ठरव, आणि विमानतळावर विचारलं तर दाखवायला पावत्या जवळ ठेव.

तुझा बाबा किंमत विचारेल. खरी सांग, त्याला तशीही ती जास्तच वाटणार आहे.

तुझी,
आत्या